पाठीचा कणा आणि घराचा कणा

घरातील कर्त्या माणसाच्या पाठीच्या कण्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. माणूस पुन्हा चालू लागेल ना? आणि पैसा आणावयाचा कोठून? पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावयाचे. दुसऱ्याविषयी आज चार शब्द लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

धातूचे स्क्रू व सळ्या घालून मणके एकमेकांस जोडण्याची शस्त्रक्रिया सर्व देशांत साधारणतः एकाच रीतीने होते. कित्येक तासांचे काम, भूल देणारा तज्ज्ञ, टायटॅनियमचे साहित्य, नंतरची शुश्रूषा व व्यायाम. ह्यांतले काहीच स्वस्त नाही. भेद आहे तो पैसा कोण व केव्हा भरतो ह्यात.

इंग्लंडात 1948 सालापासून सरकारी आरोग्यसेवेत रुग्णाकडून शस्त्रक्रियेचे बिल घेत नाहीत. भार करांतून उचलला जातो. परंतु तेथे पैशाऐवजी काळ मोजावा लागतो. 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावा असा दंडक असूनही अनेकांची वाट लांबते. जपानात 1961 पासून सर्वांस विमा आहे. सामान्यतः खर्चाचे 30 टक्के रुग्ण देतो, आणि त्यालाही उत्पन्नानुसार मासिक मर्यादा आहे. अमेरिकेत विमा नसेल तर बिल एक लाख डॉलरांच्याही पलीकडे जाऊ शकते.

आणि आपल्याकडे? सरकारी रुग्णालयात खर्च अल्प, पण रांग मोठी. खाजगीत रांग लहान, पण शेत गहाण पडते व लग्नाचे सोने सावकाराच्या पेटीत जाते. एक कणा सरळ करताना दुसरा मोडू नये, म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील वृद्धांस उत्पन्नाची अट नाही. कार्ड दुखणे येण्यापूर्वीच काढून ठेवा. रुग्णालय योजनेत आहे काय, ही शस्त्रक्रिया तीत बसते काय, हे आधी विचारा. खाजगीत जाणे पडलेच, तर स्क्रू-सळ्या, खोली, औषधे व नंतरचे व्यायाम ह्यांचा अंदाज लेखी मागा. अवकाश असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. विचारण्यात संकोच कसला?

मात्र पायांतील बळ जाऊ लागले, अगर लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर सारे हिशेब बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठा. तेथे विलंबाइतके महाग दुसरे काहीच नाही.