ट्रॉलीचा ब्रेक आणि हमीचा कागद

गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. कर्जावर घेतलेल्या नव्या ट्रॉलीचा ब्रेक हमीच्या मुदतीतच निकामी झाला, तर बारामती-इंदापूरच्या वाहनमालकाने दाद कोणाकडे मागावी? ट्रॅक्टरचा विक्रेता म्हणतो, ट्रॉली आमची नव्हे. ट्रॉली बांधणारा म्हणतो, तुम्ही ऊस जादा भरलात. वास्तविक टनावर भाडे मोजले जाते, म्हणूनच ऊस जादा भरला जातो. शिवाय ट्रॉली गॅरेजात उभी राहिली, तरी तोडणीच्या टोळीला दिलेली उचल अंगावर राहतेच.

‘हा धंद्याचा वापर’ असे सुनावून त्याला परत पाठवले जाते. हे साफ चूक आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. (पगारी चालकांवर पाच-सहा ट्रॅक्टर फिरवणाऱ्या बागायतदाराने या सवलतीवर हक्क सांगू नये.) पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. मात्र ब्रेक खोलण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवून पोच घेतलेली असावी. ती घेण्यास कार्यकर्त्यांनी वाहनमालकासोबत जावे, आणि वाहतुकीच्या करारापूर्वी ब्रेकची तपासणी कारखान्याने स्वखर्चाने करावी, अशी मागणी वार्षिक सभेत मांडावी.