उत्तर हजर, विद्यार्थी गैरहजर!

मी काही संगणकशास्त्रज्ञ नव्हे. चांदूर रेल्वेच्या पोरांना तीस वर्षे गणित शिकवलेला एक निवृत्त मास्तर, एवढीच माझी पदवी. तरीही ऐन दिवाळीत वाचकांच्या चिवड्यात हा खडा टाकण्याचे पातक मी करीत आहे. कारण घडलेली गोष्टच तशी आहे.

आमचा नातू आठवीत आहे. कापसाच्या विक्रीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहून आणा, असे त्याला शाळेतून सांगितले होते. चिरंजीवांनी मोबाइल उघडला, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला दोन ओळींचे साकडे घातले, आणि माझा चहा निवायच्या आत प्रोग्रॅम तयार! शेजारचे शेतकरी गृहस्थ ओसरीवर बसले होते. त्यांचा कापूस बारा क्विंटल चाळीस किलो. भाव धरला क्विंटलला ७,००० रुपये. नातवाने वजन घातले १२४०. उत्तर आले, ८६,८०,००० रुपये!

शेजारी म्हणाले, "एवढे पैसे मले भेटले तं म्या अख्खं चांदूर इकत घेईन ना बाप्पा!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. खरी रक्कम ८६,८०० रुपये. प्रोग्रॅमला क्विंटल हवे होते, याने किलो घातले. चूक कोणाच्याही हातून होते; पण उत्तर शंभरपट फुगले आहे, हे कापसाच्या मुलखातल्या पोराच्या ध्यानातही आले नाही! "ही तिसरी ओळ काय करते?" मी विचारले. तो म्हणाला, "आबाजी, ते त्यालाच विचारावं लागेल." त्याला म्हणजे यंत्राला! वही याची, नाव याचे, गुणही याचेच मिळणार. आणि विचार मात्र परक्याचा.

आता हे लोण खाली उतरणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्याआधीच मुलांना कोडिंग शिकवण्याचे ठरवले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचा. माझा त्याला विरोध नाही. माझा प्रश्न एकच : त्यातला 'विचार' करणार कोण? पोर की यंत्र?

यावर आमचे सुधारक मित्र म्हणतात, "मास्तर, खेड्यातल्या शाळेत प्रोग्रॅमिंगचा शिक्षक आहे कुठे? यंत्र चिडत नाही, कंटाळत नाही, मराठीत समजावते. वर्गात बोलायला लाजणारी मुलगी त्याला दहादा विचारू शकते." हे म्हणणे खरे आहे, आणि मी ते मान्य करतो. मात्र समजावणारा वेगळा आणि वहीत लिहून देणारा वेगळा. पहिल्याला आपण गुरुजी म्हणतो. दुसऱ्याला परीक्षेच्या हॉलमध्ये पकडतो.

हे केवळ म्हाताऱ्याचे पुटपुटणे नव्हे. तुर्कस्तानातील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या वर्गात एक प्रयोग झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०२४ मध्ये मांडला. ज्यांना यंत्र मोकळे दिले, त्यांनी सरावात ४८ टक्के अधिक यश मिळवले. मग यंत्र काढून परीक्षा घेतली, तर यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ते १७ टक्के मागे पडले! तिसऱ्या गटाच्या यंत्राला मात्र उत्तर न देता फक्त धागा दाखवायला शिकवले होते. त्या मुलांचे हे नुकसान बहुतांशी टळले. दोष यंत्राचा नाही. ते हाती देण्याच्या रीतीचा आहे.

आमच्याच रेल्वेमार्गावर बडनेऱ्यापलीकडे मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तयार यंत्र हाती येते, तर ते घडवण्याची विद्या आपल्या लोकांच्या अंगी कशी आली असती? वऱ्हाडच्या मातीला हे कोणी सांगायला नको.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आधी कागदावर मुलाने आपल्या भाषेत पायऱ्या मांडाव्यात. यंत्र त्यानंतर उघडावे, आणि तेही आपली चूक शोधण्यासाठी. गुण प्रोग्रॅमला देऊ नयेत. त्यातली कोणतीही ओळ तोंडी समजावून सांगण्याला द्यावेत. आणि यंत्र आले म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवण्याचा मोह सरकारने आवरावा.

नातवाला मी तीन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसवले. रडला, रुसला, आजीकडे फिर्याद नेली. तिसऱ्या दिवशी त्याने सात ओळी लिहिल्या. किलोला शंभराने भागणारी ओळ त्यात होती. मग आपण होऊन विचारतो कसा, "आबाजी, कोणी वजनाच्या जागी शून्यच टाकलं तर?"

वाचकहो, त्या एका प्रश्नासाठी मी माझी तीस वर्षांची मास्तरकी ओवाळून टाकीन! एका पणतीने दुसरी पणती जरूर लावावी. पण तेल आणि वात जिची तिचीच असावी लागते. नाहीतर ज्योत लागते आणि तिथेच विझते.