लेकराला घराबाहेर काढू नका

मुलगा साडीकडे ओढला जातो किंवा मुलगी ‘मी मुलगाच आहे’ म्हणते, हे कळलं की घरात पहिला प्रश्न उठतो तो चार लोक काय म्हणतील याचा. मग मारझोड होते, शाळा सुटते, देवऋषी होतो. शेवटी लेकरू मिळेल त्या गाडीने मुंबई नाहीतर पुणे गाठतं. सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मागणाऱ्यांतले कितीतरी जण असेच कुणाच्या तरी घरातून निघालेले असतात. आईबापांनो, माझी विनवणी तुम्हालाच आहे.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि संविधानातले मूलभूत हक्क त्यांचेही आहेत, असं बजावलं. पुढे २०१९ चा कायदा आला. त्यातलं बारावं कलम घराघरांत वाचलं जायला हवं. तृतीयपंथी आहे एवढ्याच कारणाने मुलाला आईबापांपासून तोडता येत नाही. तोडायचंच तर त्याच्या हितासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. घरात राहण्याचा आणि घर इतरांसारखंच वापरण्याचा हक्क त्याला आहे. अशा माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं याच कायद्याने गुन्हा ठरवलं असून, त्याला किमान सहा महिन्यांची कैद आहे. म्हणजे घर सोडायला लावणारा बाप आणि गावातून हुसकावणारी भावकी, दोघेही त्यात आले.

‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ हा सल्ला कृपा करून कुणी देऊ नका. त्यात दोन जीव जळतात, आणि दुसरा तर पूर्ण निरपराध असतो. उपचाराने बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरच्याही नादी लागू नका. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आणि गाव वाटतं तेवढं वाईट नसतं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. न्यायालयाने अर्ज वाचवला, मतं मात्र गावाने दिली. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं होतं. ज्या चार लोकांची आपण धास्ती घेतो, ते हेच.

घरमालकांनो, खोली नाकारू नका. तोही कायद्याने भेदभावच आहे. शिक्षकांनो, वर्गातली चिडवाचिडवी पहिल्याच दिवशी थांबवा, कारण शाळा सुटते ती तिथूनच. अडचण आली तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जाऊन विचारा. २०१४ चा तो खटला याच यंत्रणेच्या राष्ट्रीय प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात नेला होता.

ज्यांचं लेकरू आधीच निघून गेलंय, त्यांनी त्याचा नंबर शोधावा. फोन लावा, सणाला घरी ये म्हणा, आणि ते जे नाव सांगेल त्याच नावाने पाहुण्यांपुढेही हाक मारा.