किलोमीटर कुठून आणू?

इथेनॉलला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या भागातले ऊसवाले बोलणं टाकतील. मळीचा पैसा होतो, परदेशी तेल थोडं वाचतं, छानच आहे. २००३ मध्ये पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०३० साठी ठरवलेले वीस टक्के २०२५ मध्येच गाठले. पाठ थोपटून घ्या हवी तर. पण जुन्या यंत्रांचं काय?

यावर पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर दिलं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ. बरं. आता मला सांगा, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाला किलोमीटर कुठले? कोकणातलं गवत कापायचं मशीन काय मुंबईला जाऊन येतं? आणि माझी म्हातारी स्कूटर आठवड्यातून दोनदा मंडईत जाते. तिचे तीस हजार व्हायला मी असायला हवा ना!

ही यंत्रं पळून झिजत नाहीत, उभी राहून बिघडतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पोटात ठेवतं, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच. जुन्या घडणीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, आणि कोरडं पडलं की आक्रसून भेगाळतं. कार्बोरेटरमधल्या नीडलचं इवलंसं रबरी टोक बिघडलं की पेट्रोल एकतर वाहतं, नाहीतर अडतं. फवारणीच्या पंपात बहुधा पातळ पडदा असतो. तो कडक झाला, की दोरी ओढून खांदा निखळला तरी मशीन ढिम्म! वस्तू किरकोळ आहे हे कबूल, पण ती मिळायला तर हवी. तालुक्याची चार दुकानं हिंडल्यावर ऐकायला मिळतं, "गुरुजी, हे आता येत नाही."

ब्रिटनने २०२१ मध्ये दहा टक्क्यांचं पेट्रोल आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचंही ठेवलं. महाग, पण ठेवलं. अमेरिकेत पंधरा टक्क्यांचं पेट्रोल मोटरसायकल, होडी आणि गवत कापायच्या मशीनमध्ये भरायला मनाई आहे, आणि तसं नळीपाशी लिहिलेलं असतं. लांब कशाला, आपल्याच नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल मिळत राहावं असं म्हटलंय. वीस टक्क्यांसाठी दाखला देतात तोही याच अहवालाचा! सोयीचं तेवढं पाठ करणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं करत असे. असो.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी याबाबतची याचिका फेटाळली. पण सरकारला काही करायला कुणी बंदी केलेली नाही. तालुक्यातल्या एका तरी पेट्रोल पंपावर दहा टक्क्यांची एक नळी ठेवा. दोन रुपये जास्त घ्या. आणि प्रत्येक नळीवर किती टक्के ते मराठीत, चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरांत लिहा.

तोवर मंडळी, मशीन ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.