वाटणी

दुपारी लावणी आटोपून बांधावर टेकलो. पुतण्याने मोबाईलवर लोअर परळचा नवा टॉवर दाखवला. खाली कोणी म्हणतंय "मुंबईची शान", कोणी "आपल्याला काय परवडतंय!"

आमचे दादा तिथंच गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपात गावी आले आणि नांगराला लागले.

१९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: मोकळी जागा, स्वस्त घरं आणि मालक. २००१ ला नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, शेडखालची वगळून. भावकीत असं केलं असतं तर डोकी फुटली असती!

टॉवर उंच बांधा, राग नाही. पण वाट्याचं बोला. दादा गेले, घराच्या अर्जाची पावती अजून ट्रंकेत आहे.