शाखा तोट्यात, की शाखा नकोशी?



आपल्या बाजारगावची बँकेची शाखा तालुक्याच्या शाखेत 'विलीन' करण्याचा घाट घातला गेला आहे. दारावर नोटीस लागली ती ऐन मार्चअखेरीस, पीककर्जाचे जुने-नवे करायला रांग लागली असताना. कारण एका ओळीचे: शाखा तोट्यात आहे.

तोटा मोजला कसा? ठेवी किती, त्यातले आमच्या शिवारात किती आले आणि शहराकडे किती वाहून गेले, हे आधी फळ्यावर लिहा. निवृत्त झालेल्या कारकुनाची जागा भरली नाही. शेतीकर्जाचा अधिकारी बदलून गेला तो गेलाच. बैलाची वैरण तोडायची आणि मग ओढत नाही म्हणून त्याला बाजार दाखवायचा, त्यातला हा प्रकार.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते बँक खेड्यापर्यंत न्यायची म्हणून. सरकारी मालकी आली की शेतकऱ्याचे भले होते, असा आमचा भाबडा समज नाही. कर्ज फेडल्यावरही सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला याच शाखेने किती हेलपाटे घालायला लावले, ते आम्ही विसरलो नाही. पण ढोबळमानाने कर्जाच्या १८ टक्के शेतीला देण्याचे बंधन बँकांवर आजही आहे. त्यात गोदामाचे आणि प्रक्रिया कारखान्याचे कर्जही धरता येते. गावात शाखाच नसेल तर हे टक्के कोणाच्या पदरात पडणार?

साहेब म्हणतात, ग्राहक सेवा केंद्र आहे ना! आहे. तिथे अंगठा लावून थोडीफार रक्कम मिळते, तीही अंगठा उमटला तर. खुरपे धरून झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही, आणि निराधारची म्हातारी परत जाते. पीककर्ज मंजूर करणे तर त्या केंद्राच्या हातातच नाही. त्यासाठी तालुका गाठायचा, एसटी मिळाली तर. तिथे ऐकायचे, 'तुमचे गाव आमच्याकडे दत्तक नाही.' एका खेपेत काम होत नाही, दोन दिवसांची मजुरी बुडते. तिसऱ्या दिवशी माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिथे रविवारीसुद्धा सुट्टी नसते.

आता कायद्याचे. रिझर्व्ह बँकेच्या मे २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्रामीण शाखा बंद करायची, हलवायची किंवा दुसरीत मिसळायची, तर जिल्हा सल्लागार समितीची किंवा जिल्हास्तरीय आढावा समितीची मंजुरी लागते. सल्लागार समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मंजुरी कोणत्या तारखेला घेतली, हे आम्ही शाखेत विचारले. 'वरून आदेश आहे' यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

म्हणून प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करावा. त्यात खातेदार किती, पीककर्ज घेणारे किती, बचत गट किती, हे आकडे घालावेत. आकडे फुगवू नयेत. एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत द्यावी, एक जिल्हा बैठकीला आणावी. आणि पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नये.