गोवरी जळते, खत जाते

भगिनींनो, गोवरी चुलीत जळली की शेणातले नत्र धुराबरोबर उडून जाते आणि शेताला नुसती राख उरते. धूर मात्र घरातच राहतो. तो रांधणारीच्या छातीत जातो आणि तिच्याजवळ बसलेल्या लेकराच्याही. चुलीच्या धुराने पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर पोहोचले. पण सिलिंडर संपला, हाती पैसा नसला, की भाकरी पुन्हा चुलीवर जाते. ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आहेत, त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा.

हिशेब सोपा आहे. २ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो ओले शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यावर चार-पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. शिवाय बाहेर पडणाऱ्या रबडीत नत्र टिकून राहते. एकाच शेणावर चूलही पेटते आणि रानही पोसते.

मग गावातले जुने गोबरगॅस बंद का पडले? कुठे रोज शेण पडले नाही. कुठे काडीकचरा जाऊन वर साय धरली. कुठे लोखंडी टाकी गंजली, तर कुठे उन्हाळ्यात पाणी आटले. टाकीच्या गंजावर उपाय आहे. १९८४ साली आलेल्या 'दीनबंधू' पद्धतीत विटांचा घुमट असतो, लोखंडी टाकी लागत नाही. बाकीचे आपल्याच हाती आहे. बारमाही शेण-पाणी आहे का आणि रोज शेण कालवणार कोण, हे आधी घरात ठरवा. तेही काम बाईच्याच अंगावर पडले, तर धूर जाऊन कष्ट वाढतील. अनुदानाची चौकशी पंचायत समितीत करावी.

जनावरे कमी असतील तर या खर्चात पडू नका. धुराडे असलेली चूल घाला आणि धुराड्यातली काजळी वेळच्या वेळी काढा. लाकूड वाळवून वापरा, डाळ भिजत घाला, भांड्यावर झाकण ठेवा.

आणि घरच्या कारभाऱ्यांना एक सांगणे. विहिरीवरची मोटार जळाली तर आपण दुसऱ्या दिवशी पैसे उभे करतो. सिलिंडर संपला तर महिना-महिना तसेच चालवतो, कारण धूर सोसणारी तक्रार करीत नाही. तिने बोलण्याची वाट पाहू नका.